सव्वीस कधीच पानं टाकत नाही

८ जानेवारी

ठमे,

गेल्यापासून तू फोनवर मला एकूण तीन गोष्टी सांगितल्यास: हो, बरं, जेवले. यातली तिसरी खोटी होती, हे आवाजावरूनच कळलं. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात माणसाला निदान एखादं वाक्य तरी पुरं करावं लागतं.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. डॉक्टर खाली दात उपटतात, मी वर कवळ्या बनवते. या गल्लीचं खाणंपिणं आणि भांडणं आम्हा दोघांच्या जिवावर चाललीयत. जिना चढून दातांचे ठसे द्यायला आले, की डॉक्टर रोज विचारतात, "पत्तेवाल्या बाई काय म्हणतात?" मी म्हणते, "हो, बरं, जेवले." शेजारच्या काकूंना मी सांगितलंय, की तू संख्याशास्त्र शिकायला गेलीस. त्या म्हणाल्या, "अरे देवा. बरी होईल ना?"

आपला करार लक्षात असेलच. वर्षभर. वर्षाअखेरीस तुमच्या त्या कोचनं तुला मोठ्या गटात घेतलं, तर तू तिकडची. नाही घेतलं, तर परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं आणि मुकाट मेणाचे दात कोरायचे. खुर्ची रिकामीच आहे. तिच्यावर मी ओले साचे वाळत घालते, म्हणजे कुणी बसायला नको.

एक कळत नाही. आमच्या लहानपणी सांगायचे, पत्ते बंद करा, अभ्यासाला बसा. आता तुम्ही पत्त्यांचाच अभ्यास करता. म्हणजे नेमकं काय करता? आणि त्यात नापास झालं, तर रागवायचं कुणी?

मावशी

२१ जानेवारी

मावशे,

जेवते गं. कधी ते विचारू नकोस.

आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो. एक माजी हिशेबनीस, एक गणितवाला आणि मी. भिंतींना रंग दिसत नाही, सगळीकडे तक्ते आहेत: कुठली पानं आली तर खेळायचं, कुठली टाकायची. हिरवं म्हणजे खेळ, लाल म्हणजे टाक. न्हाणीघरातही एक आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

तुला पोकर सांगते. दोन पानं तुझ्या हातात, ती फक्त तुलाच दिसतात. बाकीची हळूहळू टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पडतात. दर टप्प्याला चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, लावायच्या. समोरच्यानं लावल्या, की तुला तीन रस्ते: पानं टाकून सुटायचं, तेवढ्याच लावून 'बघते' म्हणायचं, नाहीतर वाढवायचं. शेवटी कुणी 'बघते' म्हटलं, तरच लावणाऱ्याला पानं दाखवावी लागतात. सगळ्यांनी टाकली, तर तो न दाखवताच जिंकतो. म्हणून हातात काही नसतानाही मोठ्या रुबाबात लावता येतं. त्याला ब्लफ म्हणतात.

अभ्यास म्हणजे आपण खेळलेले डाव एका प्रोग्रॅमला दाखवायचे आणि विचारायचं, इथे काय करायला हवं होतं? तो दर वेळी सांगतो, तू केलंस ते नाही. थोडक्यात, तुझ्याकडे शिकले तशीच पद्धत.

पण कोच हुशार आहेत. ते म्हणतात, डोकं सारखं पत्त्यांतच घातलं तर नासतं. म्हणून वेळापत्रकात 'इतर' नावाचा चौकोन आहे आणि त्यात काहीतरी भरावंच लागतं. हिशेबनीस पाव भाजतो आणि कुठला पाव किती फुगला याचे आलेख काढतो. गणितवाल्यानं कुंडीत रोप लावलंय. ते जगण्याची शक्यता तो रोज नव्याने मांडतो, रोप मात्र आकडेवारी न बघता वाळत चाललंय. मी पोहायला गेले. पाण्यात हात मारताना डोक्यात लाल-हिरवंच. शेजारच्या बाईला धडकले, तर तोंडातून 'सॉरी'ऐवजी "टाकायला हवं होतं" निघालं.

माझा 'इतर' चौकोन रिकामा आहे. काहीतरी सुचव.

ठमी

१० फेब्रुवारी

ठमे,

आराम करण्याचाही गृहपाठ द्यावा लागतो, ही तुमच्या पिढीची प्रगती मी काकूंना सांगितली नाही. त्यांना आधीच तुझी काळजी वाटते.

सोबत मेणाच्या वड्या आणि तुझी छोटी सुरी पाठवतेय. स्पिरिटचा दिवा पाठवला नाही. तुम्ही तिघं आणि भिंतीला एवढा कागद, मला झोप लागायची नाही. मेण तळव्यात धरून मऊ कर. चौकोनात 'दात' लिही. कोचनं विचारलं, तर सांग, घराण्याचा धंदा आहे.

वरची डावी पहिली मोठी दाढ कोर. तिथूनच सुरुवात केली होतीस. शाळेतून यायचीस, दप्तर टाकायचीस आणि खुर्चीवर गुडघे टेकून बसायचीस, कारण नुसतं बसून टेबलापर्यंत पोचत नव्हतीस. तुझी आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मला मुलांशी काय बोलतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी तुझ्या हातात मेण दिलं. पहिल्या दाढा तू अशा केल्यास, की त्या कुणाच्या तोंडात बसवल्या असत्या, तर तो माणूस जेवताना हंबरला असता. नंतरची एक मी अजून खिडकीत ठेवलीय.

मी एक जुना कॉम्प्युटर घेतलाय. डॉक्टरांची बिलं त्यावर करायची म्हणून. दुकानदार म्हणाला, यावर गेमपण चालतात. मी म्हटलं, माझं वय बघ आणि बोल.

मावशी

१९ एप्रिल

मावशे,

उशीर झाला. मेण मिळालं. कोचनी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "हे खातात?" आता मी डाव तपासताना एका हातानं कोरते. दाढेचा उंचवटा नीट येईपर्यंत घाईघाईनं बटण दाबत नाही, त्यामुळे चुका कमी व्हायला लागल्यात. हिशेबनिसानं याचाही आलेख काढलाय.

आम्हाला आठवड्यातून काही संध्याकाळी सरावाच्या टेबलावर बसवतात. ते सगळ्यांना खुलं आहे, पैसे नाहीत, चिप्स नुसत्या पडद्यावरच्या. टोपणनाव घ्यायचं आणि बसायचं. तिथे महिनाभर एकजण येतोय, 'सव्वीस' नावाचा. मावशे, याच्याइतकं वाईट मी कुणाला खेळताना पाहिलं नाही. तो पानं टाकतच नाही! बाकीच्यांसमोर निदान कधीतरी टाकतो, पण मी लावलं की शेवटच्या पानापर्यंत चिकटून राहतो. हातात काही नसतं. हरतो. पुन्हा येतो. पुन्हा 'बघतो' म्हणतो. गणितवाला म्हणाला, "याला जिंकायचंच नाहीये, याला फक्त तुझी पानं बघायचीयत."

मध्येच उठून जातो आणि परत येतो, जसं काही गॅसवर काहीतरी ठेवलंय.

खुर्ची कशी आहे?

ठमी

६ मे

ठमे,

खुर्ची उत्तम आहे, तुझी आठवण काढत नाही. तिच्या एका पायाखाली घडी घातलेला कागद होता तो निघालाय, तेव्हापासून डुगडुगते, एवढंच.

त्या सव्वीसबद्दल तू फार कडवट लिहिलंस. मला तर तो सज्जन माणूस वाटतो. पैसे नाहीत, चिप्स खोट्या, मग एखाद्याला बघावंसं वाटलं तर बघू दे की. सगळेच काही मोठ्या गटात जायला बसलेले नसतात. काहीजण संध्याकाळी कुठे बसायचं म्हणून बसतात. त्याला घरी कुणी नसेल. किंवा असेल आणि ते बोलत नसेल. किंवा फोनवर 'हो, बरं, जेवले' म्हणत असेल.

बरं, नुसतं कुतूहल म्हणून विचारते: अशा माणसानं पानं टाकायची तरी कधी? आणि समोरचा खोटं लावतोय की खरं, हे ओळखायचं कसं? डॉक्टरांना सांगायचंय. तेही हल्ली पत्ते खेळतात.

मावशी

१४ जुलै

मावशे,

डॉक्टरांना सांग, त्यांनी दातच उपटावेत. पण विचारलंच आहे तर लिहिते, आणि सव्वीस भेटला असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं.

पहिलं: दोन बारकी पानं आली, तर सुरुवातीलाच टाकायची. ती बिचारी दिसतात म्हणून सांभाळायची नाहीत. दुसरं: नुसतं बघत राहू नये, कधीतरी स्वतःही वाढवावं, समोरच्याला कळू दे, की तुलाही काहीतरी हवंय. तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: जो माणूस सहसा हात राखून लावतो त्यानं एकदम सगळं लावलं, तर त्याच्याकडे बहुतेक वेळा असतंच. तिथे निमूट पानं टाकावीत. मन म्हणतं बघ, बघ. मनाचं ऐकू नये.

गंमत म्हणजे सव्वीस सुधारलाय. परवा त्यानं माझ्यावर चक्क वाढवलं. मी पानं टाकली आणि खुर्चीत एकटीच हसत बसले. हिशेबनीस बघायला आला, मला झटका आला की काय म्हणून.

बाकी ठीक. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही, प्रोग्रॅम सोडला तर. दाढा बऱ्याच झाल्यात. खिडकीत रांगेत ठेवते. समोरच्या इमारतीतली एक म्हातारी रोज बघते. तिला वाटत असेल, इथे कुणीतरी फार मारामाऱ्या करतं.

ठमी

२० सप्टेंबर

ठमे,

डॉक्टरांच्या ओळखीत एक मुलगी आहे, नुकतीच हे काम शिकलेली. त्यांनी तिला वर पाठवलं होतं. हात चांगला आहे. बोलते फार. मी साचा भरत असताना तिनं मला तिच्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं आणि त्यांतली दोन मोडलेली सांगितली. ती खुर्चीकडे बघत होती. मी साचे उचलले नाहीत, तिला उभीच ठेवली.

डॉक्टर म्हणतात, वर्षाअखेरीपर्यंत ती थांबणार नाही, दुसरीकडे जाईल, आत्ताच ठरवा. माझ्या डोळ्यांना हल्ली बारीक काम जड जातं, हेही त्यांनी बघितलंय, त्यामुळे मला फार आवाज चढवता येत नाही.

तेव्हा तुझं काय ते कळव. घाबरू नकोस. तू आलीस तरी चालेल, तिकडे राहिलीस तरी चालेल. मला दोन्ही सारखंच. तू तुझा विचार कर.

मावशी

५ ऑक्टोबर

मावशे,

आनंदाची बातमी! कोचनी गटाची नावं वेळेआधीच जाहीर केली. मला मोठ्या गटात घेतलं. सगळ्यांसमोर माझे डाव पडद्यावर दाखवले आणि म्हणाले, "हात असा थंड हवा." हिशेबनिसानं पाव भाजला, त्यावर माझं नाव कोरलं, फुगल्यावर ते वाचता येत नव्हतं, पण भावना पोचली.

आता मला खूप काम असेल. 'इतर' चौकोन काढून टाकलाय. मेण उरलं होतं ते गणितवाल्याला दिलं, कुंडीला भेग गेली होती ती बुजवायला. इथे मी फार सुखात आहे. परत येण्याचा विचारही मनात येत नाही.

खुर्ची त्या मुलीला देऊन टाक. उगाच अडवून ठेवू नकोस.

ठमी

१२ ऑक्टोबर

ठमे,

अभिनंदन. काकूंना सांगितलं, तू संख्याशास्त्रात पहिली आलीस. त्यांनी डोळे पुसले.

साचे खिडकीत हलवले. खुर्चीच्या पायाखाली नवी घडी घातली. ती मुलगी सोमवारपासून बसते. मी तुला काही विचारत नाही. तू एवढं सगळं एका पत्रात लावलंस, म्हणजे तुझ्याकडे असणारच. डॉक्टरांसाठी लिहिलेलं मी नीट वाचून ठेवलंय.

वेळेवर जेव.

मावशी

१८ नोव्हेंबर

मावशे,

महिना झाला. सव्वीस टेबलावर येत नाही.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी सरावाला बसले होते. सव्वीस समोर होता. मी सगळ्या चिप्स लावल्या. हातात काही नव्हतं, मावशे, दोन बिचारी बारकी पानं. तो कधीच टाकत नाही. मी वाट बघत राहिले, आता 'बघतो' म्हणेल. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग त्यानं पानं टाकली आणि टेबलावरून उठून गेला.

उठून गेला नाही. गेलीस.

वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचा नंबर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सव्वीस असतो. तुला काय वाटलं, मी विसरले? ते नाव पडद्यावर आलं त्याच दिवशी मला कळलं होतं. मध्येच उठायचीस ते साच्यातलं प्लास्टर घट्ट झालं का बघायला. मी बोलले नाही, कारण बोलले असते, तर तू लाजून यायची थांबली असतीस. म्हणून पत्रातून शिकवत राहिले. आणि शिकवलं काय, तर पानं टाकायला. माझ्यासारखी गाढव मीच.

तू दर वेळी हरायला यायचीस, नुसतं माझ्या हातात काय आहे ते बघायला. आठवड्यातला तेवढाच वेळ मी एकटी नसायचे.

आता पानं उघडी करते. मला गटात घेतलं नाही. हिशेबनिसाला घेतलं. पाव त्याच्याच नावाचा होता. कोच मला म्हणाले, "खेळ बरा आहे, पण तुझं अर्धं लक्ष कायम मेणात असतं." मेण मी कुणालाही दिलेलं नाही. एक दाढ सोबत पाठवतेय, तूच बघ.

तू म्हणशील, मग सरळ का नाही लिहिलं? हरून आले, तर खुर्ची मिळणार, हे करारातच होतं. तिथे तुला काही म्हणावंच लागलं नसतं. पण तू लिहिलंस, 'दोन्ही सारखंच'. तेव्हा मला बघायचं होतं, मी जिंकले असं कळल्यावरसुद्धा तू 'तरी ये' म्हणतेस का. एकदाच. मी सगळं लावलं, मावशे, आणि तू बघितलंच नाहीस.

ठमी

२५ नोव्हेंबर

ठमे,

बघते.

टेबलावर हे चालत नाही, ठाऊक आहे. एकदा पानं टाकली की टाकली. पण हे पत्र आहे, आणि इथे पिसायला मी बसलेय.

'दोन्ही सारखंच' हा माझा ब्लफ होता. आजवरचा सगळ्यांत वाईट. ते वाक्य लिहिलं तेव्हा मी हातातला साचा पाडून फोडला आणि डॉक्टरांना सांगितलं, मांजर आलं होतं. आपल्याकडे मांजर नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी वाकून तुकडे गोळा केले. त्यांनीही पानं टाकली. तू त्यांना चांगलं शिकवलंस.

सव्वीस नाव मी फार विचार करून घेतलं नव्हतं. कॉम्प्युटरनं विचारलं, नाव काय, मी खिडकीत बघितलं. पण खरं सांगू? तू पहिल्यांदा त्याला 'तो' लिहिलंस तेव्हा मला वाईट वाटलं होतं. त्या रागात मी जुलैपर्यंत तुला एकदाही सोडलं नाही.

दाढ बघितली. मागचा उंचवटा अजून जरा उंच आहे, गाल चावला जाईल. बाकी, मला आता एवढं बारीक जमत नाही. मी ती जुन्या दाढेशेजारी ठेवलीय आणि त्या मुलीला सांगितलं, हात लावलास तर मैत्रिणींची लग्नं ऐकणं बंद.

खुर्ची तिची झाली, ठमे. ती काढून घेता येणार नाही. मुलगी चांगली आहे, आणि मी स्वतः तिला बसवलंय. डॉक्टर म्हणतात, तिसरीला पगार देता येईल, पण पूर्ण नाही. तेव्हा अर्धा दिवस दात, अर्धा दिवस तुझे ते लाल-हिरवे तक्ते. आणलेस तर लावू, न्हाणीघरातसुद्धा. पुढच्या वर्षी त्या कोचना पुन्हा विचार. या वेळी चौकोनात 'पत्ते' लिही, बाकी सगळं दात. बघू, त्यांना कसं वाटतं.

तू जिंकून तिकडे राहिली असतीस, तरी मला ये म्हणायचं होतं. तेव्हा म्हटलं नाही. आता म्हणते. ये.

डॉक्टरांच्या माळ्यावरून एक स्टूल उतरवून आणलंय. उंचीला कमी आहे, तुला पुन्हा गुडघ्यांवर बसावं लागेल, आणि तिघींचे कोपर एकमेकींना लागतील. खिडकीजवळ ठेवलंय. सध्या त्यावर ओले साचे वाळत घातलेत, म्हणजे कुणी बसायला नको.

मावशी